उभी गाय

एप्रिल सरत आला की शाळा बंद होते, पण माझं येणं बंद होत नाही. वर्ग झाडून ठेवलेले असतात, फळ्यांवर शेवटच्या पेपरच्या सूचना अर्धवट पुसलेल्या असतात आणि शिनोलीच्या या लांब व्हरांड्यातून दुपारचा वारा पाय न वाजवता जातो. बाहेर रस्त्यापलीकडे ऊन इतकं पांढरं पडतं, की भीमाशंकरकडे जाणारी एसटी आधी नुसती थरथरते आणि मग दिसते. अशा वेळी मला जाग आहे की झोप, हे माझं मलाच सांगता येत नाही.

यंदाही उन्हाळी शिबिर आहे. दहा दिवस, समुद्रकाठी. परवा मुलींच्या आया बैठकीला आल्या होत्या. सूचना सांगून झाल्या, सह्या झाल्या, पांगापांग झाली. मी हजेरीचे कागद जुळवत होते आणि खांबाच्या पलीकडे आठवीतली एक मुलगी आईला समजावत होती.

"एक मिस कॉल दिला की समज, पोचले. दोन दिले की समज, बरी हाय. तीन दिले तर मात्र आण्णांना घेऊन ये."

"आन माझ्या मोजण्यात चूक झाली तर?"

"तू काय लगेच उचलू नगंस. वाजू दे. संपलं की मोज."

"लई शाणी झालीस."

दोघी हसत हसत पायऱ्या उतरून गेल्या. मी कागद जुळवत राहिले. ते केव्हाच जुळलेले होते.

पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक खूण एका मायलेकींनी ठरवली होती. ती माझ्या हातातून गेली. कशी गेली, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मुळात मी कमी बोलते, आणि लोकांना तो माझा चांगला स्वभाव वाटतो.

तेव्हा मी अवसरी बुद्रुकच्या बाजूच्या एका शाळेत होते. वय तिशीच्या आत. शाळेतल्या मुलींना समुद्र दाखवायचा, ही माझीच हौस. पहिल्या वर्षी पोरींना समुद्राचं वर्णन करून सांगितलं, तेव्हा मी स्वतःही तो पाहिलेला नव्हता. पुढं एवढंच कळलं, की माझ्या वर्णनात वास नव्हता.

त्या दिवसांत सगळ्या शिवारात कांदा काढून पडलेला असायचा. गुलाबी ढीग, त्यांच्यावर वाळत चाललेली पात, आणि हवेत तो गोडसर, डोळ्यांच्या कडांना लागणारा दर्प. मुली सकाळी शेतात पात कापून दुपारी शिबिराच्या तयारीला शाळेत यायच्या. हात धुऊन यायच्या, तरी वही पुढं केली की वहीलाही कांद्याचा वास. एप्रिल आला की अजूनही कधी कधी माझ्या हातांना तो येतो. मी कांदा कापलेला नसतो.

तयारी म्हणजे काय, तर भीती काढणं. कपडे, ताटवाटी, सतरंजी हे कुणीही भरून देतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला आतून काय वाटतं ते मात्र बॅगेत दिसत नाही. कुणाला गाडी लागायची, कुणाला दुसऱ्यांदेखत आंघोळ करायची लाज, कुणाला आईच्या पाठीला पाठ लावल्याशिवाय झोप नाही. एकीनं तीन दिवस धीर गोळा करून विचारलं होतं, "बाई, तिकडं पाली असतात का?"

"समुद्रात?"

"मोरीत."

मी बाकांच्या दोन रांगा लावून एसटी करायचे. मुली बसायच्या आणि मी म्हणायचे, आता घाट आला, डावीकडे कला, आता उजवीकडे. त्या कलायच्या. खिडकीशेजारच्या मुलीनं आवळा चघळायचा, नजर लांबच्या डोंगरावर ठेवायची, जवळच्या झाडांकडं बघायचं नाही. लांबचा डोंगर म्हणून आम्ही भिंतीवरच्या नकाशातला हिमालय धरला होता.

आणि झोपेचा सराव. हा माझा शोध. भर दुपारी मोठ्या वर्गात सतरंज्या अंथरायच्या, खिडक्या लोटून घ्यायच्या आणि सगळ्यांनी घरापासून लांब झोपून बघायचं. आधी खुसखुस व्हायची. मग कुणाची तरी बांगडी किणकिणायची, कौलांच्या फटीतून उन्हाच्या काड्या खाली उतरायच्या, त्यांच्यात धूळ वरखाली करायची. मी हलक्या आवाजात बोलत राहायचे: आता पाणी येतंय, आता परत जातंय, पुन्हा येतंय. बाहेर कवड्या होल्याचं तेच ते घुमणं. हळूहळू तीस-बत्तीस श्वास एका लयीत लागायचे. मग मला खरंच वाटायचं, की हा वर्ग कुठंतरी तरंगत निघालाय, दोर सुटलाय, आणि यातल्या एकीलाही आता कसली भीती नाही. आयुष्यात मी जे काही चांगलं केलं असेल ते त्या दुपारींत केलं. वाईटही तिथंच सुरू झालं.

पहिल्या वर्षी एका मुलीनं तिसऱ्या दिवशी घरी रडवेलं पत्र टाकलं होतं. बाप आणि दोन चुलते जीप करून आले, भर प्रार्थनेतून तिला घेऊन गेले. मागोमाग आणखी चार जणींनी रडून घरं गाठली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, असं दुसऱ्यांदा झालं तर गावातली एकही पोर तुमच्याबरोबर यायची नाही." ते खोटं बोलत नव्हते. म्हणून मी दुसऱ्या वर्षापासून खुशालीची पत्रं निघायच्या आधीच लिहून घ्यायला लागले. एप्रिलमध्येच, वर्गात बसून. प्रत्येकीची दोन पोस्टकार्डं: मी सुखरूप पोचले, जेवण चांगलं आहे, समुद्र मोठा आहे, काळजी करू नये. ती मी माझ्याजवळ ठेवायचे आणि तिथून ठरलेल्या दिवशी पेटीत टाकायचे. घरी निश्चिंती, मुली निश्चिंत, मी निश्चिंत. मला त्यात लबाडी दिसली नाही. उलट सोय दिसली.

छाया तिसऱ्या वर्षीची. अवसरीची, आठवीतली, हडकुळी, अक्षर मोत्यासारखं. पण ती पोस्टकार्ड समोर ठेवून नुसती बसली होती.

"लिही की गं."

"बाई, आमच्या आयेला वाचता येत न्हाई. आमचं ठरलंय. मी गाय काढनार."

बेल्ह्याच्या बाजारातून त्यांच्या घरी एक गाय आणलेली होती, डावं शिंग डोळ्याकडं वळलेलं. चित्रात ते शिंग काढलं की गाय आपलीच, दुसऱ्या कुणाची नाही. गाय उभी काढली तर पोर बरी आहे. बसलेली काढली तर न्यायला ये. जनावर उठायचं थांबलं की दुखणं आहे, हे तिच्या आईला, मथुराबाईंना, कुठल्याही अक्षराहून पक्कं कळत होतं.

मला फार गंमत वाटली. मी म्हटलं, "मग काढ दोन्हींवर उभी."

ती पेन्सिल धरून थांबली. "बाई, आत्ताच कशी काढू? अजून गेलेच न्हाई मी."

"तिथं जाऊन बरीच असणार आहेस ना? मग काढ."

तिनं काढली. दोन्ही कार्डांवर चार पाय रोवून उभी असलेली, शेपूट जरा उडालेली, वाकड्या शिंगाची गाय. दुसरी गाय पहिलीपेक्षा घाईत काढली होती.

अलिबागच्या पुढं नारळीच्या बागांमध्ये आमचं शिबिर होतं. पहिले तीन दिवस मला आठवतात ते सगळे ओले आणि चमकते. मुली पाण्याच्या कडेला हात धरून उभ्या राहायच्या आणि लाट आली की सगळी रांग एकदम मागं यायची, वाऱ्यानं पडदा हलावा तशी. केसांत वाळू, ओठांवर मीठ. दुपारी माडांच्या सावल्या अंगावरून सरकत जायच्या, आणि आमचे डोंगर, आमचा कांदा, आमची गावं हे सगळं कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीसारखं लांब गेलं होतं. छाया हसायची. पहिली गाय मी तिसऱ्या दिवशी टाकली, आणि ती गाय खरी होती.

चौथ्या दिवशी तिला ताप आला. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले, उतरेल. उतरला आणि पुन्हा चढला. पाचव्या दिवशी मी कपाळावर पट्टी ठेवत असताना ती म्हणाली, "बाई, मला कोरं कार्ड द्या." मी दिलं. तिनं पडल्या पडल्या गाय काढली. पाय पोटाखाली घेतलेली, मान जमिनीला लागलेली. शिंग मात्र नीट, वाकडं. पत्ताही स्वतः लिहिला.

"आज टाकाल?"

"आजच टाकते," मी म्हटलं.

ते मी शिबिराच्या नोंदवहीत ठेवलं. सहाव्या दिवशी सगळ्या मुलींची दुसरी पत्रं टाकली, त्यात तिची उभी गाय टाकली. मला मुलीची काळजी नव्हती असं नाही. मी तिच्याजवळून हलले नव्हते. पण मला जीप दिसत होती, चुलते दिसत होते, पुढच्या वर्षीचा ओस पडलेला वर्ग दिसत होता. मी मनात म्हटलं, ही दोन दिवसांत बरी होणार आहे, मग ही उभी गाय खरीच होईल. नोंदवही पुढं कार्यालयात जमा झाली. ते कार्ड कुठं गेलं, मला माहीत नाही.

छाया रोज विचारायची, "आज येईल का आये?" मी म्हणायचे, "टपालाला वेळ लागतो." नवव्या दिवशी ताप गेला. ती चालत एसटीत चढली. घरी गेली तेव्हा गळ्याची हाडं दिसत होती.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात मथुराबाई मुख्याध्यापकांच्या खोलीत आल्या. हाताला धरून छाया. त्यांनी पदराखालून पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख शेजाऱ्याकडून वाचून घेतलेली होती.

"ही म्हन्ती, मी बसलेली काढली व्हती. बाईंनी टाकली न्हाई. मला येवढंच सांगा, बाई. ही गाय कुनी काढली?"

मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते. पंखा फिरत होता. मी म्हटलं, "छायानंच."

"तुमच्या म्होरं?"

"माझ्यासमोर."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पंधरा वर्षं मी हे वाक्य स्वतःला ऐकवत आले आहे. मथुराबाईंनी लेकीकडं बघितलं. छायानं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असणार, बाई पुढं अजून काहीतरी बोलतील. मी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. ती पोर काही बोलली नाही. रडलीसुद्धा नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं, असा तो काळ होता, आणि त्या काळाचा मी फायदा घेतला.

दोन वर्षांनी ती दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. शिबिरात तापात असताना त्या डॉक्टरांकडची एक परिचारिका तिच्याशी फार मायेनं बोलली होती, तिथं ते तिच्या मनात बसलं असावं. बारावी पुण्याला करायची, मग पुढं कोर्स. वसतिगृहात जागा मिळत होती. मथुराबाई नाही म्हणाल्या. गावात कळलं ते असं, की त्या म्हणतात, "हितं डोळ्याम्होरं काय ते शिक. तिकडं तापानं फणफणलीस तरी मला उभीच गाय येनार. तुझ्या खुनंवर आता माझा इस्वास न्हाई."

एका संध्याकाळी छाया माझ्या खोलीवर आली. उंबऱ्यातच उभी राहिली. आरोप नाही, काही नाही. म्हणाली, "बाई, एकदा घरी येता? आयेला तेवढं सांगा. फॉर्मला आठ दिवस हायेत."

"येते," मी म्हटलं.

मी गेले नाही. पहिल्या दिवशी पाऊस होता. दुसऱ्या दिवशी शाळेत काहीतरी काम होतं. नंतर कारणंही लागली नाहीत. आठ दिवस म्हणजे किती मोठी मुदत असते, आणि तिच्यातला प्रत्येक दिवस कसा एकेक पायरी खाली उतरत जातो, ते मी घरात बसून पाहिलं. नवव्या दिवशी मला हलकं वाटलं. कबूल करायचं तर ते हलकं वाटणं मला सगळ्यात जास्त टोचतं.

तिचं पुढं वाटोळं वगैरे झालं नाही. नारायणगावच्या बाजूला दिली, नवरा शहाणा मिळाला, दोघांनी मिळून भाजीच्या रोपांची नर्सरी उभी केली. टोमॅटोची, मिरचीची रोपं लांबून लोक घेऊन जातात म्हणे. हे ऐकलं की मला बरं वाटायचं, आणि लगेच कळायचं, की हे बरं वाटणं मी तिच्याकडून उसनं घेतेय. ती चांगलं जगली, यात माझा काही हात नाही. माझा हात दुसरीकडं आहे.

मी शिबिरं सोडली नाहीत. फक्त आधी लिहून घेतलेली पत्रं बंद केली. का बंद केली, हे कुणी विचारलं नाही. आता तर पत्रंच नाहीत. पोरींच्या खुणा पोरींच्याच अंगठ्याखाली असतात, आणि मधे कुणी बाई नसते. परवा त्या मायलेकी पायऱ्या उतरून गेल्या, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला. मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी पायांतून वर यायला लागलं. रविवारी सकाळी मी मंचरची गाडी धरली.

अवसरी तशीच वाटली आणि नाहीही. कांदा काढून झाला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेच गुलाबी ढीग, तोच वास. आता तो वहीला नव्हता, सगळीकडं होता. मथुराबाई घरामागं कांदा साठवायच्या बराखीच्या सावलीत पात कापत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे. मला ओळखायला त्यांना क्षणभरच लागला.

"बाई? या, या. लई दिसांनी वाट चुकल्या. च्या टाकू का?"

"आधी मला एक सांगायचंय," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

वाटेत मी बरंच जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आलं नाही. आलं ते एवढंच: छायानं बसलेली गाय काढली होती. तापात. माझ्या हातात दिली होती. मी टाकली नाही. उभी होती ती आम्ही इथूनच नेलेली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी अर्धंच सांगितलं. आणि ती बोलवायला आली तेव्हाही मी आले नाही.

मथुराबाईंचा विळा चालू होता. मग थांबला.

"म्हंजी पोर खरं बोलत व्हती."

"हो."

"आन मी तिला..." त्यांनी हातातला कांदा एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं बघितला आणि ढिगावर ठेवला. "ती अजूनबी मला काय सांगाया लागली की आधी म्हन्ती, आये, खरं सांगते. परत्येक टायमाला. साधं पोरगं शाळंत गेलं म्हनून सांगायचं तरी, खरं सांगते."

मी म्हटलं, "मला तुमची माफी..."

"मला सांगून काय व्हनार, बाई. तिला सांगा."

"तिला माहीत आहे. तिलाच तर माहीत आहे."

"तुमी दाबलं, ते ठावं हाय तिला. मला कळलं, ते कुठं ठावं हाय?"

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. आत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला मोबाईल होता. "नंबर वाचाया येत न्हाई. दोनाचं बटन दाबून धरलं की तिला लागतो. नातीनं करून दिलंय." त्यांनी धरलं, आणि फोन कानापासून जरा लांब, तोंडासमोर धरून मोठ्यानं बोलायला लागल्या.

"छाया? आगं, त्या शाळंतल्या बाई आल्यात. हितं, म्होरं बसल्यात... बऱ्या हायेत. ऐक की. त्या साली तू खरं बोलत व्हतीस. बाईंनी आत्ता सांगितलं मला."

मथुराबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं."

जो शब्द सांगायला मी दोन गाड्या बदलून आले होते, तो त्या माझ्याआधी आणि माझ्या वाटणीचा बोलून मोकळ्या झाल्या. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "बोला."

मी घेतला. पलीकडं पाण्याची मोटर चालू होती. कुणीतरी ती बंद केली.

"बाई," छाया म्हणाली. आवाज मोठ्या बाईचा होता. "मला वाटायचं, तुम्ही विसरून गेला असाल."

"नाही गं."

"मग त्या आठ दिवसांत आला का नाहीत? मी रोज रस्त्याला बसत होते."

इतक्या मुलींना इतकी वर्षं मी सांगत आले, की जे वाटतं ते सरळ सांगायचं, लाजायचं नाही.

"भिऊन," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

सावली माझ्या पावलांवरून सरकून गेली होती आणि टाचा तापत होत्या.

"बरं," ती म्हणाली. "आईला द्या."

मी फोन दिला. मथुराबाईंनी तो या खेपेला कानाला घट्ट लावला आणि माझ्याकडं पाठ करून बसल्या. "हां, बोल," त्या म्हणाल्या. मग कितीतरी वेळ नुसतं, "हां... हां..." मधेच एकदा, "न्हाई गं बाय, तसं नगं म्हनू आता. नुसतं सांग." मी उठले. चपला घातल्या. त्यांना ते कळलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं. कांद्याच्या ढिगांमधून वाट काढत मी रस्त्यावर येऊन उभी राहिले, मंचरच्या जीपची वाट बघत.